आबांची पेनल्टी

माझे वडील सेंटर फॉरवर्ड होते. बीडच्या इंग्रजी शाळेत असताना मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. तिथे फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा, परदेशातल्या क्लबांचे टी-शर्ट घालून ज्याबद्दल बोलायचं असतं तो. केज तालुक्यातल्या, नांदूरघाटच्या अलीकडच्या एका गावातला माणूस फुटबॉल खेळला असेल, तोही पुढच्या फळीत, हे त्या मुलींना खरं वाटलं नसतं. आणि वाटलं असतं तर त्यांनी आणखी प्रश्न विचारले असते. मला प्रश्न नको असायचे. "पप्पा टीचर आहेत," एवढं म्हणून मी डबा उघडायचे.

ते गावच्याच शाळेत क्रीडाशिक्षक आहेत. मी पहिलीपासून बीडला मावशीकडे राहून शिकले, कारण माझं इंग्रजी चांगलं व्हावं असं त्यांनाच वाटत होतं. सुटीत घरी आले की त्यांचं बोलणं मला ओरडल्यासारखं वाटायचं आणि माझं त्यांना पुस्तक वाचल्यासारखं. पुण्यात पदवी घेऊन मी घरी परत आले, त्याला आता वर्ष होऊन गेलं. दुपारी लॅपटॉपसमोर बसून शहरांतल्या लहान मुलांना इंग्रजी शिकवते. बाकी वेळ गप्प असते.

पप्पांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, कारण ते ती सलग कधी सांगत नाहीत. गोल तेवढे सांगतात. अकरावीला ते बीडला खोली करून राहिले, तेव्हा बिंदुसरा नदीच्या काठावर जुन्या शहरातली मुसलमान पोरं अनवाणी फुटबॉल खेळायची. हे रोज कडेला उभं राहून बघायचे. एक दिवस त्यांच्यात एक जण कमी पडला. "ए लंबू, तू आगे ठैर. बस ठैर," असं म्हणून त्यांनी यांना गोलसमोर उभं केलं. पप्पांना बॉल पळवता येत नव्हता, वळवता येत नव्हता. पण बॉल जिथे येणार तिथे ते आधीच असायचे. डोक्याला, गुडघ्याला, एकदा तर पाठीला लागून बॉल आत गेला. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कडेला उभं राहणं संपलं.

पुढे विद्यापीठाच्या संघात निवड झाली. तिथल्या एका हेडरमध्ये समोरचा दात गेला, पण गोल झाला. हसताना त्यांचा तो एक दात इतरांपेक्षा पांढरा दिसतो. मग पुण्यातल्या एका कंपनीच्या संघाने त्यांना घेतलं. तिथे त्यांच्याइतकाच उंच आणि शिवाय पळता येणारा एक जण होता. पप्पा अख्खा हंगाम बाकावर बसले आणि परत आले. या भागाबद्दल ते बोलत नाहीत, आईकडून मला कळलं. मग बी.पी.एड., मग ही शाळा.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुरुवात कबड्डीपासून केली. पण आमच्या जिल्ह्यात कबड्डी गावागावात आहे, तालुक्याच्या पुढे जाणं मुश्कील. मग त्यांच्या लक्षात आलं की मुलींच्या फुटबॉलला तालुक्यातून एकाही शाळेची नोंद नाही. त्यांनी संघ उभा केला. समोर कुणी नाही म्हणून पहिली दोन वर्षं संघाला पुढे चाल मिळाली आणि न खेळता मिळवलेल्या दोन ढाली शाळेच्या कपाटात आल्या. घरी पाहुणे आले की पप्पा त्यांना शाळेत नेऊन त्या ढाली दाखवायचे. मी सुटीत घरी असले तर मलाही जावं लागायचं. पाहुणे ढाल बघायचे, मी फरशी बघायचे.

नंतर मात्र मुली खरंच खेळायला लागल्या. त्यामागचं कारण खेळाचं नव्हतं. आमच्याकडे दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर संसार बांधून कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मोठी मुलगी बरोबर गेली की फडावरचा स्वयंपाक आणि धाकटी भावंडं तिच्याकडे येतात, आणि एक-दोन हंगामांत तिचंही लग्न होऊन तिचा कोयता होतो. पण संघातली मुलगी मागे राहते, आजीकडे नाहीतर वसतिगृहात. कारण पप्पा प्रत्येकीच्या घरी जाऊन सांगतात, "हिला दहावीला खेळाचे गुण भेटतेत. पोलीस भरतीत कामाला येतंय. हिला कावून नेता?" आईबापांना ते पटतं, किंवा सरांना नाही म्हणवत नाही.

म्हणजे संघ आहे तोवर मुली आहेत, आणि मैदान आहे तोवर संघ. हे मैदान म्हणजे शाळेमागचं गायरान. गेल्या वर्षापासून ग्रामपंचायत तिथे दुकानांचे गाळे काढणार असं बोललं जात होतं. पंचायत ज्यांच्या पॅनेलची, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा स्वतः आता कुठल्या पदावर नाहीत, पण त्यांनी एकदा तोंडातून शब्द काढला की तो ठरावासारखाच असतो. पप्पांनी अर्ज दिले, मुख्याध्यापकांना पुढे केलं, काही झालं नाही.

मी या सगळ्यात आले ती नियमामुळे. मुलींच्या संघाबरोबर एक बाई असावी लागते. शाळेतल्या मॅडमना बाहेरगावी जायला जमेना, म्हणून पप्पांनी माझं नाव व्यवस्थापक म्हणून घातलं. मला अजून ऑफसाइड नीट कळत नाही. मी पाण्याच्या बाटल्या, बँडेज आणि पॅड सांभाळते, हजेरी घेते. पहिल्याच प्रवासात जीपमध्ये कॅप्टन मला म्हणाली, "मॅडम, एक डाव इंग्लिशमधी शिवी द्या की." मी म्हटलं, मला येत नाही. "मग आमच्या सरांची पोरगी कशी तुमी?" सगळ्या खिदळल्या. मीही हसले, खिडकीकडे बघून.

कारण पप्पांच्या शिव्या प्रसिद्ध होत्या. त्या वाईट नसायच्या, पण प्रत्येकीसाठी वेगळ्या आणि ताज्या असायच्या. कॅप्टनला ते "लग्नातली नवरी" म्हणायचे, कारण ती बॉलकडे सावकाश जायची. सगळ्यात जास्त बोलणी गोलकीपरला. ही दहावीतली, बुटकी, रुंद खांद्यांची मुलगी. आईवडील टोळीबरोबर जातात, ती आजीजवळ राहते. वेल्डिंगवाल्याचे जुने चामडी हातमोजे घालून ती उभी राहायची. "हात हायेत का सुपं? पाखडतीस कावून? धर!" पप्पा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला ओरडायचे. ज्या दिवशी जास्त बोलणी बसत त्या दिवशी ती घरी जाताना उड्या मारत जायची. ती माझ्याशी फार बोलत नसे, मीही तिच्याशी नाही. आमचं बरं जमायचं.

दसरा झाला त्या आठवड्यात संध्याकाळी आबांचे दोन कार्यकर्ते घरी आले. मी कप गोळा करत होते.

"सर, आबांचा वाढदिवस हाय. यंदा मैदानावरच करायचा. पोरींची एक मॅच लावा."

"लावू की," पप्पा म्हणाले. "बीडचा संघ बोलवतो."

"आन पहिली किक आबा मारणार. नुसती मधून न्हाई, पेनल्टी. गोल झाला पाहिजे, रील काढायचीय."

पप्पा हसले. "आबांनी मारल्यावर व्हईलच."

"व्हईलच न्हाई सर. झाला पाहिजे. पोरीला सांगून ठिवा."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सांगतो," ते म्हणाले. मग लगेच, जरा पुढे सरकून, "पण ते मैदानाचं तेवढं आबांच्या कानावर..."

"अहो सर, त्या दिवशी आबा माइकवरच बोलतेन. खूश असले म्हंजी."

ते गेल्यावर पप्पा बराच वेळ खुर्चीत तसेच पुढे सरकून बसले होते. आईने विचारलं, "काय म्हणले?" ते म्हणाले, "मॅच लावा म्हणले."

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी त्यांनी गोलकीपरला बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल इतकंच, कारण त्यांना हळू बोलता येत नाही.

"आबा पेनल्टी मारतेन. तू सोडायची."

"काय सोडायची सर?"

"बॉल. बॉल सोडायचा."

"कावून?"

बाकीच्या मुली थांबल्या. एकदा मी हौसेनं एक बॉल मारला होता आणि माझी दया येऊन या मुलीने तो सोडला होता. तेव्हा पप्पांनी तिला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बॉल कुणाचाही असो, सरांच्या पोरीचा असो, सोडायचा नाही, असं तेव्हा त्यांनी सगळ्यांना ऐकवलं होतं.

"पाहुणे हायेत," पप्पा म्हणाले. "पाहुण्याला अडवतेत का?"

"दुसऱ्या संघाच्या पोरी बी पाहुण्याच असतेत की सर."

मुली हसल्या. पप्पाही हसले, पण उशिरा. "लई शानी झालीस. सांगितलं तेवढं कर."

कॅप्टन पुढे आली. "सर, हिला सोडायलाच येत न्हाई. मला उभं करा, मी बगा कशी सोडते." आणि तिने उलट्या बाजूला अशी काही झेप घेतली की बीडहून कुणी आलं असतं तर फसलं असतं. सगळ्या पोट धरून हसल्या. गोलकीपर मोज्याची दोरी सोडून पुन्हा बांधत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी व्यवस्थापक. मी पाण्याच्या बाटल्या मोजल्यासारखं केलं.

वाढदिवसाच्या दिवशी रस्त्यापासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले. हलगीवाले आले, मंडप आला, माइक आला. ऊन कडक होतं आणि पाऊस जाऊन बरेच दिवस झाल्यामुळे मैदानावर पायाखाली भुगा उडत होता. आबांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून पप्पांनी टँकरवाल्याला सांगितलं, "गोलपुढं जरा शिडकावा मार." सांगून ते कमानीपाशी स्वागताच्या तयारीला गेले. टँकरवालाही आबांचाच माणूस. त्याने भक्तिभावाने अख्खा टँकर गोलपुढे रिता केला.

आबा दुपारी येणार होते, ते उन्हं कलल्यावर आले. तोवर दोन्ही संघांच्या मुली रांगेत उभ्या होत्या. बीडच्या संघाची एक मुलगी खाली बसली, तिला मी मीठ-साखरेचं पाणी दिलं. गोलपुढची जमीन दिवसभराच्या उन्हाने वरून सुकली होती. आमची काळी जमीन अशीच असते. वर पापुद्रा धरते आणि आत लोण्यासारखी राहते. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पप्पांनाही. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष कमानीकडे होतं.

फटाके झाले. आबा मैदानात आले. ते वयस्कर आहेत, अंगाने जड आहेत, आणि त्या दिवशी त्यांनी नवे पांढरे बूट घातले होते. एका कार्यकर्त्याने बॉल ठेवला, दुसऱ्याने त्यांचं कोपर धरलं. मी कडेला हातात ताट घेऊन उभी होते, त्यात शाल आणि नारळ. पप्पा माझ्या शेजारी, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, गळ्यात शिटी. हलगीवाल्यांना सांगून ठेवलं होतं की गोल झाला की वाजवायचं. त्यांनी टिपऱ्या उचलून धरल्या होत्या.

आबांनी बॉल मारला. तो सरळ गेला, सावकाश गेला. गोलकीपर सांगितल्याप्रमाणे एक पाऊल बाजूला झाली आणि हात पाठीमागे घेऊन उभी राहिली, प्रार्थनेला उभं राहतात तशी. बॉल घरंगळत गेला, त्याच्याखाली पापुद्रा फुटला आणि तो चिखलात रुतून थांबला. रेषेच्या अगदी अलीकडे.

आबांचा हात आधीच वर गेला होता. तो तसाच राहिला. सगळ्या गावाचे मोबाईल वर होते. हलगी वाजली नाही.

तेव्हा माझ्या शेजारी पप्पांचा खांदा खाली गेला. मुलींना ते शिकवतात तसा, पळायच्या आधी. आणि ते पळाले.

मी त्यांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीच त्यांचं खेळणं संपलं होतं. ते ज्या गोष्टी सांगायचे त्या मला नेहमी थोड्या फुगवलेल्या वाटायच्या. पण त्या खऱ्या होत्या. पोट सुटलेला माणूस, शिटी छातीवर आपटत, गर्दी, आबा, कॅमेरे यांच्यामधून सरळ त्या एका जागेकडे असा गेला की जणू बाकी कुणी तिथे नव्हतंच. ते पळणं सुंदर होतं. आणि मला ते बघवत नव्हतं, कारण ते कशासाठी चाललं आहे हे मला माहीत होतं. त्यांनी डाव्या पायाने बॉल आत लोटला, घसरले आणि गोलच्या आत चिखलात बसले.

हलगी वाजली. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, ऑफसाइड!"

सगळं मैदान हसलं. अजूनही मला त्या हसण्याचा आवाज ऐकू येतो. तो वाईट नव्हता, त्यात पप्पांबद्दल मायाही असेल. पण मी नारळाकडे बघत राहिले. त्याच्या शेंडीला हळदकुंकू लागलं होतं. मला एकच वाटत होतं की इथे मी त्यांची मुलगी म्हणून उभी नसावी. हे वाटल्याचीही लाज वाटली, पण नंतर. आधी नुसतं तेच वाटलं.

पप्पा उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. आबांकडे बघून, दोन्ही हात वर करून, आबांच्या गोलसाठी. मग सत्कार होता. त्यांनी हात पँटला पुसले आणि माझ्या ताटातली शाल उचलली. एका कार्यकर्त्याने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "सर, ऱ्हाऊ द्या. डाग पडंल."

आबा भोळे नाहीत. त्यांनी माइक घेतला आणि पहिल्यांदा तेच बोलले. "मास्तर, वय झालं तरी सवय गेली न्हाई तुमची. गोल मास्तरांचा, केक माझा!" लोक पुन्हा हसले. आबा थांबले, हसू ओसरू दिलं. "आन ऐका. हे मैदान हाय तसंच ऱ्हाईल. गाळे रोडच्या पलीकडं काढू. मास्तरांनी आज माझ्यासाठी लई पळापळ केली. एवढं तरी द्यायला पाहिजे का न्हाई?"

"पाहिजे!" लोक ओरडले.

पप्पांनी हात जोडले. त्यांच्या बोटांमधला चिखल वाळून पांढुरका झाला होता. मुली मात्र उड्या मारत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. एक गोलकीपर सोडून. ती गोलमध्ये उभी राहून पायाने तो खड्डा बुजवत होती. नंतरचा सामना आम्ही जिंकलो. तो कुणाच्या लक्षात नाही.

घरी पप्पांनी पँट स्वतः धुतली. आई म्हणाली, "ठिवा, मी धुते," तर ऐकलं नाही. मग ती मला आत येऊन म्हणाली, "मैदान राहिलं ना? मग झालं." पण ती ते मला विचारत होती, सांगत नव्हती. आबांच्या रीलमध्ये आबा बॉल मारतात आणि पुढच्याच क्षणी बॉल जाळीत असतो, वर फुलं पडतात. गावातल्या पोरांनी मात्र अख्खा व्हिडिओ फिरवला, गाणं लावून. बीडच्या मावशीलाही तो आला. तिने मला फक्त एक हसणारा चेहरा पाठवला. मीही एक हसणारा चेहरा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सरावाला गोलकीपर आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिच्या आईवडिलांची टोळी त्याच आठवड्यात निघायची होती, म्हणून मला भीती वाटली. पप्पा म्हणाले, "जरा जाऊन बघ." एरवी ते स्वतः गेले असते.

ती दारात बसून जुन्या टूथब्रशने हातमोजे घासत होती. मागे पोती बांधून ठेवलेली दिसत होती. मी विचारलं, "बरं नाही का?"

"बरी हाय की."

"बरोबर जातेस का? टोळीबरोबर?"

"न्हाई. आजीजवळच हाय." तिने ब्रश पाण्यात बुडवला. "सर काय म्हणले घरी?"

"काही नाही."

"मी घालणार व्हते मॅडम," ती म्हणाली. "बॉल थांबला तवा मी वाकलेच व्हते. पायानं हळूच आत ढकलणार, तर सर पळत आले. माझ्या हातून गेला असता तर गावानं मला हसलं असतं. मला काय, मला हसतेत. सरांना कावून हसावं?" ती पुन्हा मोजा घासायला लागली. "आता सरांकडं बघायचं म्हणलं की लाज वाटती."

मला म्हणायचं होतं, मलाही. तिची लाज आणि माझी लाज एकच नव्हती हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. ती सरांच्या वाट्याचं हसू स्वतःवर घ्यायला वाकली होती. मी ताट धरून उभी होते. मी म्हटलं, "उद्या ये."

ती आली. मैदान होतं, मुली होत्या, ढीगभर सराव बाकी होता कारण विभागाचे सामने जवळ आले होते. आणि तेव्हा आम्हाला हळूहळू कळायला लागलं की पप्पा कुणाला बोलत नाहीत.

पहिले दोन दिवस वाटलं, घसा बसला असेल. कॅप्टन नवरीसारखी बॉलकडे चालत गेली, पप्पा म्हणाले, "हरकत न्हाई बाळा." बाळा! मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी पास चुकवला, "ठीक हाय, व्हतं असं." ते शिटी वाजवायचे, वेळ बघायचे, नम्रपणे सूचना द्यायचे. मला लहानपणी हवे होते तसे ते आता झाले होते, हळू बोलणारे, कुणाला न दुखावणारे. आणि ते भयंकर होतं. मुली ढिल्या पडल्या. सरावाला उशिरा यायला लागल्या. एक जण तर सरळ म्हणाली, घरचे बोलवायलेत, मी फडावर जाऊ का? पप्पा तिच्या घरी गेले नाहीत. म्हणाले, "बघ, तुझं तू ठरव."

एका संध्याकाळी गोलकीपरने लागोपाठ बॉल सोडले. चुकून नाही. प्रत्येक बॉल पायांमधून जाऊ द्यायची आणि वळून पप्पांकडे बघायची. पप्पा दुसरीकडे बघायचे. शेवटी तिने एक मोजा काढून जमिनीवर आपटला. पप्पा म्हणाले, "दमलीस का? बस जरा."

कॅप्टन माझ्याजवळ आली. "मॅडम, आमचे सर कुठं गेलेत?"

"ते काय, तिथं उभे आहेत."

"ते न्हाई," ती म्हणाली. "तुमी सांगा त्यांना. आमाला बोला म्हणावं. न्हाईतर आमी विभागाला जाऊन गोल खाऊन येतोत."

मी पप्पांशी असं काही कधी बोलले नाही. आमच्यात जेवणाचं, गोळ्यांचं, मोबाईलच्या रिचार्जचं बोलणं होतं. सकाळी ते मैदानावर एकटेच चुन्याची फक्की मारत होते. मी मागोमाग गेले. ते वाकून गोलपुढची पांढरी रेघ ओढत होते. आबांचा बॉल रुतला होता त्याला लागूनच ती रेघ जात होती.

"पप्पा," मी म्हटलं. "मुली म्हणतात, तुम्ही त्यांना रागवत नाही."

ते फक्की सोडत पुढे सरकत राहिले.

"सामने जवळ आलेत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच इंग्रजी शाळेतल्या मॅडमसारखा वाटला. "ती मुद्दाम बॉल सोडते. तुम्ही बोलावं म्हणून."

"दिसतंय मला."

"मग?"

ते थांबले. वर पाहिलं नाही.

"मी तिला सोड म्हणलो," ते म्हणाले. इतकं हळू मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सगळ्यांच्या म्होरं म्हणलो. आता धर म्हणायचं, ते कोणत्या तोंडानं?"

इतकी वर्षं मला त्यांच्या मोठ्या आवाजाची लाज वाटली होती, आणि आता तो परत आणायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं.

रस्त्याकडून मुली यायला लागल्या होत्या. पुढे कॅप्टन, मागे गोलकीपर, हातात मोजे. पप्पांनी त्यांचे आवाज ऐकले असणार. ते खाली बघत रेघ ओढत खांबापर्यंत गेले. तिथे रेघ संपते. पुढे काही ओढायचं नव्हतं, तरी ते वाकलेलेच राहिले.